मल्टिमीटरवर कपॅसिटर ठीक दिसतो, तरी व्हॉल्व्ह गिटार अ‍ॅम्प घूं करतो. असं का?

मीटर कपॅसिटर तपासतो जेमतेम दोन-चार व्होल्टवर. अ‍ॅम्पमध्ये त्याच्यावर ३००-४०० व्होल्ट असतात. गळती, म्हणजे अडवायला हवा तो डीसी करंट कपॅसिटरमधून निसटणं, तिथेच उघडी पडते.

घूं आवाजाला बहुतेकदा पॉवर सप्लायचे जुने इलेक्ट्रोलिटिक (फिल्टर) कपॅसिटर जबाबदार. ते ईएसआर मीटरने (कपॅसिटरचा अंतर्गत रोध मोजणाऱ्या) तपासा. डोकं फुगलेलं असेल तर मोजत बसू नका, सरळ बदला.

कपलिंग कपॅसिटरचा (एका व्हॉल्व्हकडून पुढच्याकडे सिग्नल नेणारा, डीसी अडवणारा) संशय असेल तर त्याचं ग्रिडकडचं, म्हणजे पुढच्या व्हॉल्व्हच्या इनपुटकडचं, टोक सुटं करून अ‍ॅम्प चालू करा आणि त्या टोकापासून ग्राउंडपर्यंत डीसी व्होल्टेज मोजा. आकडा क्षणभर उसळून शून्याजवळ यायला हवा. व्होल्टभर जरी टिकून राहिला, तरी तो गळतोय.

हात घालण्याआधी, अ‍ॅम्प बंद असला तरी, फिल्टर कपॅसिटर रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणग्या पाडू नका!