जुन्या रिमना रंग देण्यापूर्वी

भंगारबाजारातून आणलेल्या गाडीच्या चाकांच्या लोखंडी रिमना लगेच रंग मारण्याची घाई तुम्हाला झाली असेल, तरी माझी कळकळीची विनंती आहे की आधी त्या नीट धुवाव्यात. ब्रेकची काळी धूळ आणि ग्रीस पत्र्याला चिकटून असते. ते न काढता पॉलिश पेपर घासला, तर तोच तेलकटपणा ओरखड्यांत जाऊन बसतो आणि पुढे रंग पापुद्र्यांनी सुटतो. म्हणून साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, मग थिनरच्या फडक्याने पुसावे आणि फडके काळे निघायचे थांबेपर्यंत ते बदलत राहावे. ही धूळ कोरडी झटकू नये, ती फुफ्फुसांत जाते.

गंज बहुधा टायर बसतो त्या काठावर आणि बॅलन्सिंगच्या वजनांखाली (चाक समतोल फिरावे म्हणून रिमला लावलेले छोटे तुकडे) दडलेला असतो, त्यामुळे टायर उतरवून घेणेच योग्य. वायर ब्रशनंतर 80, 180 आणि शेवटी 320 नंबरचा पेपर वापरावा. नटांच्या भोकांपाशी तडा दिसल्यास ती रिम रंगवूच नये.

नट टेकतात ते उतार आणि हबला (चाक ज्यावर बसवतात तो गाडीचा मधला भाग) लागणारी मागची बाजू मास्किंग टेपने झाकावी. तिथला रंगाचा थर दाबला जाऊन नट सैल पडतात. माझ्या पहिल्या रिमचा एक नट साठेक किलोमीटरनंतर पान्याने पाऊण फेरा सहज फिरला होता. घासून उघडा झालेला पत्रा रात्रभर तसाच ठेवू नये, विशेषतः कोकणातल्या पावसाळ्यात. त्याच दिवशी प्राइमर मारावा.