हत्ती, उंट आणि फ्रेंचांचा वेडा

प्रश्न असा: रशियन बुद्धिबळात आपल्या उंटाला 'स्लोन' म्हणजे चक्क हत्ती म्हणतात. मग कोपऱ्यातला आपला हत्ती चुकीच्या घरात बसलाय का?

आधी एक सांगून टाकतो. इंग्रजीत आपल्या उंटाला बिशप, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू म्हणतात; 'उंट हे बिशपचं फसलेलं भाषांतर' हे पुन्हा कुणी ऐकवलं तर पट उधळून देईन. भाषांतर कसलं? बिशप हाच मुळात वेश पालटलेला हत्ती आहे.

संस्कृतात गज, फारसीत पील (पेशव्यांच्या पीलखान्यातला तोच), अरबीत 'प' नाही म्हणून फील. अरबांबरोबर तो स्पेनला पोचला तो 'अल' (इंग्रजी 'द'सारखं अरबी उपपद) चिकटवूनच: अल्फिल. स्पॅनिश माणूस आजही पटावरच्याला अल्फिल म्हणतो आणि रानातल्याला एलेफांते. दोन्ही एकच जनावर, हे त्याच्या गावीही नसतं. हस्तिदंताला तो 'मार्फिल' म्हणतो, त्यातही हाच फील दडलाय! इटालियनांनी त्याचा अल्फिएरे, म्हणजे निशाणबरदार केला. फ्रेंचांनी तर कमालच केली: फील, फोल करत करत 'फू'. फू म्हणजे वेडा, दरबारातला विदूषक.

अरबी घडणीच्या हत्तीला ना सोंड ना पाय. नुसता बसका गट्टू आणि वर सुळ्यांची दोन टोकं. त्यात फ्रेंचांना विदूषकाची दुशिंगी टोपी दिसली असणार, इंग्रजांना बिशपचा मधोमध चिरलेला मुकुट. आपल्याकडे उंटावर शहाणा बसतो, त्यांच्याकडे उंटच वेडा.

हां, कोपरा. तिथला मूळचा मानकरी रथ. सर विल्यम जोन्सनी १७९० मध्ये लिहून ठेवलं की बंगाली लोक रथाला 'रॉथ' म्हणतात, त्याचंच फारसीत 'रुख' आणि पुढे इंग्रजीत 'रूक' झालं. साहेब कलकत्त्यात न्यायाधीश, कानावर दिवसभर बंगाली. दुसरं काय सुचणार! पण हा खेळ इराणला गेला तो कलकत्ता वसण्याच्या हजारेक वर्षं आधी. तिथल्या लोकांनी शब्द उचलायला बंगाली उच्चाराची वाट कशाला पाहिली असेल? आणि गंमत म्हणजे खुद्द बंगाली माणूस त्या मोहऱ्याला 'नौका' म्हणतो. रशियनांचा 'लाद्या' म्हणजेही होडीच.

रथ लढाईतून गेले, हत्ती राहिले. सरळ रेषेत मुसंडी मारणाऱ्या मोहऱ्याला हत्ती शोभला, म्हणून तो कोपऱ्यात सरकला आणि रिकाम्या घरात उंट आला, असा माझा तर्क. बंगाल्यांचा 'गज' मात्र जागचा हललेला नाही. रशियनांच्या स्लोनसारखा तो आपल्या उंटाच्याच घरात आहे.