वाचकांचे प्रश्न : इंजिन खोलण्याआधी टाकी मोजा

या वेळच्या टपालात अ‍ॅव्हरेजच्या तक्रारी सगळ्यात जास्त आहेत. त्यातल्या पहिल्या पत्राला मुद्दाम सविस्तर उत्तर दिलं आहे, कारण तोच प्रश्न चार तालुक्यांतून वेगवेगळ्या शब्दांत आला.

प्रश्न : माझी सात सीटर डिझेल गाडी २०१७ची, १ लाख ४० हजार किलोमीटर झालेली. आधी चौदा-पंधरा द्यायची, आता साडेअकरावर आली. मिस्त्री म्हणतो, "इंजिन खोलनं पडी, भाऊ. रिंगा गेल्या." पिकअप ठीक आहे, धूर फारसा नाही. इंजिन काम करून घ्यावं का?
– एक वाचक, एरंडोल

उत्तर : इतक्यात नको. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की आधी ऑइल कमी व्हायला लागतं, मग सकाळी स्टार्टिंगला त्रास होतो, मग मागून निळसर धूर दिसतो. नुसतं अ‍ॅव्हरेज पडलं आणि यातलं काहीच नाही, तर संशय दुसरीकडे घ्यायला हवा. पण त्याच्याही आधी, साडेअकरा हा आकडा आला कुठून? डॅशबोर्डवरून, की हजाराचं डिझेल टाकून केलेल्या अंदाजावरून? दोन्ही कामाचे नाहीत. डॅशबोर्ड इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या उघडझापीवरून हिशेब करतो आणि बहुतेक गाड्यांत तो खऱ्यापेक्षा थोडा चढाच असतो.

टाकी-ते-टाकी मोजा. पंपावर पहिला कट-ऑफ होईपर्यंत, म्हणजे पंपाचं नोझल आपोआप बंद पडेपर्यंत भरा, पुढे ठासू नका, ट्रिप मीटर शून्य करा. किमान चारशे किलोमीटर चालवा. मग त्याच पंपावर, त्याच मशीनवर, गाडी त्याच बाजूला उभी करून पुन्हा पहिल्या कट-ऑफपर्यंत भरा. समजा ४३८ किलोमीटर झाले आणि ३३.७ लिटर बसलं, तर अ‍ॅव्हरेज १३.० आलं. आता पंपाचं हेच नोझल दोन लिटर आधी कट झालं असतं, तर ३१.७ लिटरवर तुम्ही १३.८ लिहून मोकळे झाला असता. म्हणून एका टाकीवर निकाल देऊ नका. तीन टाक्यांचे एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर करा. नवे टायर टाकले असतील तर तेही लक्षात घ्या. नव्या टायरचा घेर जास्त, चाक कमी फिरतं, मीटर दीड-दोन टक्के कमी किलोमीटर दाखवतं. अ‍ॅव्हरेज तेवढं पडल्यासारखं वाटतं, डिझेल मात्र तेवढंच जळालेलं असतं.

दुसरं वेगाचं. सुरत-नागपूर महामार्ग चौपदरी झाल्यापासून एरंडोल-धुळे कोण ऐंशीने जातो? ऐंशीचे एकशे दहा झाले की हवेचा विरोध जवळजवळ दुप्पट होतो, आणि या गाड्या मुळातच उंच, चौकोनी. वर कॅरिअर असेल तर आणखी भर. एक टाकी पूर्ण ऐंशी-पंच्याऐंशीने चालवून बघा. अ‍ॅव्हरेज साडेतेराच्या वर गेलं तर मिस्त्रीकडे जायचं कारणच उरत नाही.

तरीही कमीच आलं, तर पुढची तपासणी स्वस्तापासून महागाकडे अशी करा. टायरची हवा सकाळी थंड टायरवर, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे. सात माणसं आणि सामान असेल तर त्यावरचा भरलेल्या गाडीचा आकडा धरायचा. प्रवासात तीन-चार पीएसआय वाढतात, ती वाढलेली हवा सोडू नका. मग ब्रेक. सपाट रस्त्यावर पंधरा-वीस किलोमीटर चालवा, शेवटचा टप्पा ब्रेक न मारता गाडी आपोआप थांबू द्या, आणि चारही रिमजवळ तळहात न्या, टेकवू नका. एकच चाक भट्टीसारखं धगधगत असेल तर कॅलिपरची (ब्रेक पॅड दाबणाऱ्या पकडीची) पिन अडकली आहे. ती साफ करून ग्रीस लावणं हे तासाभराचं काम. घाट उतरून आल्यावर ही तपासणी करू नका, तेव्हा सगळीच तापलेली असतात.

एअर फिल्टरबाबत पुस्तकातल्या किलोमीटरवर विसंबू नका. आपल्याकडे कच्च्या रस्त्यांची धूळ आणि कपाशीच्या हंगामात जिनिंगच्या आसपासचा तंतू, दोन्ही फिल्टर लवकर भरतात. पाच हजारांवर उघडून बघा. गाळण कागद असेल तर हवा मारताना आतून बाहेर, कमी दाबाने. बाहेरून मारली तर धूळ कागदात रुतते. मग टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा) ते इंटरकूलर (ती हवा थंड करणारा) ते इंजिन हे होस पाइप. जोडावर ऑइलचा हलका थर चालतो, पण तिथे ओलं होऊन धूळ चिकटलेली दिसली तर क्लिप ढिली किंवा पाइप चिरलेला. कोणालातरी रेस द्यायला सांगून कान लावा, फुसफुस ऐकू येते. अशा गाडीला चढावर काळा धूर येतो आणि स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर) पी०२९९, म्हणजे टर्बोचा दाब कमी, हा कोड मिळतो.

नोझलचा संशय असेल तर रिटर्न टेस्ट मागा. प्रत्येक नोझलच्या रिटर्न पाइपला, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या पाइपला, एकेक छोटी बाटली लावायची, इंजिन काही मिनिटं आयडलवर ठेवायचं. तीन बाटल्यांत बोटभर आणि चौथीत अर्धी बाटली डिझेल आलं, तर दोषी कोण ते डोळ्यांनी दिसतं. चारही नोझल एकदम बदलायला सांगणाऱ्याला ही टेस्ट दाखवायला लावा.

इंजिनचा दोष ठरवायचा असेल तर ऑइल मोजा. सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी, पट्टी (डिपस्टिक) पुसून पुन्हा घालून. बहुतेक इंजिनांत वरच्या आणि खालच्या खुणेत सुमारे एक लिटरचं अंतर असतं. हजार किलोमीटरला अर्धा लिटर जात असेल तर लक्ष ठेवा, लिटरभर जात असेल तर दुखणं खरं आहे. दुसरी खूण ऑइलच्या झाकणाची. आयडलवर झाकण सोडवून उलटं ठेवा. थोडी वाफ सगळ्याच इंजिनांतून येते. झाकण उडायला लागलं, ऑइलचे शिंतोडे आले, डिपस्टिक वर ढकलली जाऊ लागली, तर ज्वलनाचा वायू रिंगांमधून खाली येतोय. चेहरा लांब ठेवा, ऑइल गरम असतं.

यानंतरच कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर हवा किती दाबतो ती टेस्ट. डिझेल इंजिनात साधारण २० ते ३० बार मिळतात, पण एकूण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. तीन सिलिंडर २६ आणि एक १९ असेल तर काम निघालं समजा. गेज लावायला ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होताना आतून तापवणारे प्लग) काढावे लागतात आणि जुने ग्लो प्लग जोर लावला की हेडमध्येच तुटतात. इंजिन गरम असताना, आधी पेनिट्रेटिंग स्प्रे मारून काढायला सांगा. घाईतल्या मिस्त्रीकडे ही टेस्ट करू नका.

प्रश्न : बीएस-६ डिझेल एसयूव्ही आहे. मुलांची शाळा, बाजार, घर, एवढंच चालते. पट्टीवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसतं! अ‍ॅव्हरेजही दहाच्या खाली. ऑइल वाढतं कसं?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : ऑइल वाढलेलं नाही, त्यात डिझेल मिसळलंय. १ एप्रिल २०२०पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारी गाळणी आहे. ती भरली की गाडी स्वतःच ती जाळते. त्यासाठी सायलेन्सरमधलं तापमान सहाशे अंशांच्या आसपास न्यावं लागतं, आणि तेवढी उष्णता आणायला अनेक गाड्यांमध्ये सिलिंडरमध्येच जादा डिझेल उशिरा फवारलं जातं. त्यातलं थोडं भिंतीवरून घसरून ऑइलमध्ये उतरतं. जाळण्याचं काम पूर्ण झालं तर फारसं बिघडत नाही. तुमच्याकडे ते अर्ध्यावर असतानाच गाडी शाळेच्या फाटकाशी बंद होते, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होतं, पुन्हा अर्धवट.

ते चालू असल्याच्या खुणा ओळखायला शिका : आयडलचा आरपीएम नेहमीपेक्षा थोडा वर, गाडी थांबवली तरी पंखा जोरात, डॅशबोर्डवरचं अ‍ॅव्हरेज अचानक खाली. अशा वेळी घरी न वळता भुसावळच्या दिशेने वीस-पंचवीस मिनिटं साठच्या वर, एकसारखी चालवा. आठवड्यातून एकदा असा फेरा ठेवा.

पट्टीवर ऑइल वरच्या खुणेच्या पुढे गेलं असेल तर लांबचा प्रवास नको, आधी ऑइल आणि फिल्टर बदला. पातळ झालेलं ऑइल टर्बोचं बेअरिंग खातं. आणि ऑइल गाडीच्या पुस्तकात दिलेल्या डीपीएफच्या ग्रेडचंच हवं. साधं ऑइल जळून जी राख होते ती गाळणीत कायमची बसते, काजळीसारखी जळत नाही. पट्टीवर ऑइल दुधाळ दिसलं तर मात्र प्रकरण वेगळं, ते कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आहे. गाडी टोइंगने न्या.

प्रश्न : जुनी एसयूव्ही बघायला जायचंय. अर्ध्या तासात इंजिन कसं ओळखावं?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा, गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर काहीतरी झाकायचं आहे, असं धरून चाला. थंड इंजिनवर कूलंटचं झाकण उघडून बघा, वर तेलाचा तवंग नको. किल्ली ऑन केल्यावर चेक लाइट लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. लागतच नसेल तर तो कोणीतरी काढून ठेवलाय.

सोबत ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर न्या. कोड तर बघाच, पण त्याहून दोन गोष्टी जास्त बोलतात : कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले, आणि रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच करायच्या तपासण्या) पूर्ण आहेत का. "गाडीत एकही फॉल्ट नाही" म्हणणाऱ्याच्या गाडीत कोड पुसून बाराच किलोमीटर झालेले दिसले, तर काल संध्याकाळीच स्कॅनर लावून सगळं साफ केलंय. (बॅटरी काढली तरी असंच दिसतं, म्हणून "बॅटरी कधी बदलली" हेही विचारा.) गरम झाल्यावर कूलंटचं तापमान ८५ ते १०० अंशांच्या दरम्यान स्थिर हवं. सत्तरवरच रेंगाळत असेल तर थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडझाप करणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय. वस्तू फार महाग नाही, पण थंड इंजिन डिझेल जास्त पितं.

रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगावरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबा. आरपीएम चढतो पण गाडी ओढत नाही, तर क्लच प्लेट घसरतेय. मागे आरशात काळा लोट दिसला तर पहिल्या पत्रातली टर्बोच्या पाइपची तपासणी. लांब उतारावर पाय सोडून पुन्हा दाबल्यावर निळा धूर निघाला तर व्हॉल्व्ह सील किंवा रिंगा. आणि पेडलचं रबर घासून गुळगुळीत, मीटरवर मात्र ४५ हजार, असं असेल तर मीटर मागे फिरवलंय, इंजिन बघायचीही गरज नाही.

प्रश्न : पेट्रोल एसयूव्ही २०१९ची. पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढल्यापासून अ‍ॅव्हरेज कमी झालं, हे खरं की वाटतं?
– एक वाचक, नंदुरबार

उत्तर : खरं, पण सांगतात तेवढं नाही. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. हिशेब केला तर दहा टक्के मिश्रणावरून वीस टक्क्यांवर जाताना साधारण साडेतीन टक्के घट निघते, म्हणजे १२ची ११.६. वीस-पंचवीस टक्के पडलं असेल तर त्याचा दोष इथेनॉलला देऊ नका, प्लग आणि ऑक्सिजन सेन्सर बघा. स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (गाडीचा संगणक ठरल्यापेक्षा किती जास्त-कमी पेट्रोल देतोय तो आकडा) दहा टक्क्यांच्या आत राहतो की बाहेर जातो ते पाहा. तो वर जात असेल तर कुठूनतरी हवा गळतेय किंवा पेट्रोल कमी पोचतंय. तुमची गाडी वीस टक्क्यांसाठी बनलेली नसेल, तर सर्व्हिसला फ्युएल होस आणि ओ-रिंग फुगल्यात किंवा चिरल्यात का, ते बघायला सांगा.

प्रश्न : इंदूरला जाताना बिजासन घाटात एसी लावला की गाडी तापते. काटा मध्येच असतो, पण कूलंट दर महिन्याला कमी होतं. मी बोअरचं पाणी टाकतो.
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : बोअरचं पाणी आजपासून बंद. त्यातला क्षार रेडिएटरच्या नळ्यांत भांड्यासारखाच बसतो. रेडिएटर फ्लश करा आणि कूलंट व डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. काट्यावर विश्वास नको, तो बहुतेक गाड्यांत मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो.

सकाळी थंड असताना पातळीवर मार्करने रेघ मारा, पाचशे किलोमीटरनी पुन्हा सकाळीच बघा. उतरली तर वॉटर पंपाखाली, रेडिएटरच्या कडांना, क्लिपांपाशी वाळलेले डाग शोधा. कुठेच गळती नाही आणि रात्रभर उभ्या गाडीचा वरचा होस सकाळी दाबून कडक लागतो, तर हेड गॅस्केटमधून (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगमधून) गॅस येतोय. निळ्या द्रावाची ब्लॉक टेस्ट करून घ्या, गॅस असेल तर द्राव पिवळा पडतो. एसी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत कपाशीचा तंतू आणि किडे साठतात, तिथे आतून बाहेर, साध्या नळाच्या दाबाने पाणी मारा. प्रेशर वॉशरने जाळी वाकते. गरम रेडिएटरचं झाकण कोणत्याही कारणाने उघडू नका.

प्रश्न : तोरणमाळहून उतरताना न्यूट्रल केली की डिझेल वाचतं ना?
– एक वाचक, शहादा

उत्तर : उलट जास्त जातं. गिअरमध्ये ठेवून पाय सोडला की चाकं इंजिन फिरवतात आणि नोझल पूर्ण बंद होतात. न्यूट्रलमध्ये आयडलसाठी डिझेल लागतंच, आणि सगळा भार ब्रेकवर येतो. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर आहे. भरलेली सव्वादोन टनांची गाडी शंभर मीटर चढवायला पावणेदोनशे ते दोनशे मिली जास्तीचं डिझेल लागतं, ते वर जाताना गेलेलंच आहे. उतरताना दुसरा-तिसरा गिअर ठेवा, आणि त्या टाकीचं अ‍ॅव्हरेज वहीत वेगळं लिहा.