३८ हजारांची नाव आणि दोन लाखांची ठेव

निपाणी तालुक्यातल्या दूधगंगेकाठच्या एका गावातून हे पत्र आलंय. वाचक साखर कारखान्यात फिटर आहेत, वय ४६. पगार हातात ३४,००० येतो, घरखर्च २६,००० होतो, मुलगी पुढच्या वर्षी बारावीला. एकाच्या गोडाऊनमागे १४ फुटी, सपाट तळाची, रिवेट मारलेली जुनी ॲल्युमिनियमची नाव पडून आहे आणि मालक ३८,००० मागतोय. नाव गळते. घरीच दुरुस्त केली तर सामानाला ४२,००० लागतील आणि जुनी मोटर ६५,००० ला मिळेल, असा त्यांचा अंदाज. एकूण १,४५,०००. राष्ट्रीयीकृत बँकेत दोन लाखांची एफडी आहे, सौहार्द पतसंस्थेत दीड लाख आहेत, घरात सोनं आहे. नदीत मासेमारी, पावसाळ्यात लोकांची ने-आण, जत्रेत फेऱ्या यातून पैसे दोन वर्षांत वसूल होतील, असं ते लिहितात. प्रश्न असा: एफडी मोडू, सौहार्दमधून काढू की सोन्यावर कर्ज घेऊ? शेवटी एक ओळ जोडलीय, ‘शेजारी निम्मी भागीदारी करायला तयार आहे.’

यातलं काय मोडायचं हे ठरवण्याआधी यातलं मोकळं किती आहे ते बघू. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा हे तुमच्यासारख्या एका पगारावरच्या घराला मी आग्रहाने सांगतो. २६,००० गुणिले सहा म्हणजे १,५६,०००. ही रक्कम त्या दोन लाखांतच बसलेली आहे. म्हणजे एफडीतले खरे मोकळे पैसे ४४,०००. सौहार्दमधले दीड लाख मुलीच्या शिक्षणाचे आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. महिन्याला उरणाऱ्या ८,००० पैकी निम्मे तिच्या आरडीत टाका, बाकीचे ४,००० नावेला द्या. आठ महिन्यांत ३२,००० जमतात. ४४ आणि ३२ मिळून ७६,०००. या नावेवर तुमच्या घराला झेपणारा आकडा एवढाच आहे. तुमच्या १,४५,००० च्या तो जेमतेम निम्मा आहे आणि त्यात मोटर बसत नाही.

आता उत्पन्नाचं. ते मी शून्य धरतो, आणि तुम्हीही धरा. कारदगा-भोज, जत्राट-भिवशी हे बंधारे पावसाळ्यात पाण्याखाली जातात आणि गावं तुटतात हे खरं. पण घरी दुरुस्त केलेल्या नावेत परकी माणसं बसवून पुराच्या धारेत घालायची हा धंदा नव्हे. ऑगस्ट २०१९ चं पाणी तुम्ही पाहिलेलं आहे, मी जास्त सांगायला नको. मोटर लावली की नाव यांत्रिक जलवाहन ठरते. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२१ च्या अंतर्देशीय जलवाहन कायद्याखाली तिला नोंदणी, तपासणी आणि विमा लागतो. उन्हाळ्यात तर नदीच आटते. मासेमारीचा परवाना मत्स्य खात्याकडे आधी विचारा. मिळाला तर मिळालं ते वरकड. वसुलीच्या हिशोबावर कर्ज काढायचं नाही, म्हणजे सोन्यावरचं कर्ज इथेच बाद झालं. तुम्हाला सांगितलेल्या ११ टक्के दराने १,४५,००० वर वर्षाला १५,९५० व्याज होतं. नदीवर एक दिवस न जाता.

मग नाव घेऊच नये का? मला तसं वाटत नाही. तुम्ही फिटर आहात, आणि अशा नावेच्या दुरुस्तीत खर्चाचा मोठा वाटा मजुरीचा असतो. पण ३८,००० द्यायच्या आधी तिच्या पोटात काय आहे ते कळायला हवं, आणि ते जवळजवळ फुकटात कळतं. मालकाच्या आवारातच नाव जुन्या टायरांवर किंवा वाळूच्या पोत्यांवर नीट टेकवा, आधार आतल्या आडव्या बरगड्यांखाली येईल असा. मग आत पाणी सोडा. कडेपर्यंत भरू नका. एवढ्या मोठ्या सपाट तळात चार इंच पाणी म्हणजे सुमारे पाचशे किलो वजन होतं, आणि जुनी नाव त्यानेच वाकेल. खाली बसून जिथे थेंब येतो तिथे मार्करने खूण करा. थेंब एकेका रिवेटच्या डोक्याशी येत असतील तर आनंदाने पुढे चला. पत्र्याच्या अंगातूनच, बारीक भोकांतून पाझर दिसला तर गोष्ट वेगळी.

त्यासाठी आतली फळी उचलावी लागेल. मालक नाही म्हणाला तर सौदा तिथेच सोडा. फळीखाली फोम असतो, तो वर्षानुवर्षं ओला राहिलेला असतो, आणि त्याला चिकटलेला पत्रा आतून खाल्ला जातो. पांढरी भुकटी दिसली की ती खरवडून दाभणाने टोचून बघा. आत गेलं तर पत्रा संपलाय. मागची लाकडी फळी, जिच्यावर मोटर अडकवतात, तीही टोचा. ती कुजलेलीच निघेल असं धरून चाला. कुठे पितळी नाहीतर लोखंडी स्क्रू मारलेत का, तेही बघा. दोन धातू आणि मध्ये पाणी आलं की ॲल्युमिनियम झिजतं, हे फिटरला मी काय सांगणार.

या तपासणीवर भाव ठरवा. तुम्ही म्हणता वजन ९५ किलो. लाकूड-लोखंड वजा जाता ८० किलो ॲल्युमिनियम धरू. भंगारवाल्याने तुम्हाला १५० चा दर सांगितलाय, म्हणजे १२,०००. सगळं फसलं तरी एवढे परत येतात. म्हणून पत्रा चांगला निघाला तर मी २५,००० पर्यंत जाईन. ३८,००० नाही. पत्रा खाल्लेला असेल तर भंगाराच्या भावातही घेऊ नका. अंगणात अडगळ नको.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपने सगळ्या शिवणी, म्हणजे पत्र्यांचे सांधे, आर्गॉन वेल्डिंगने भरून द्यायचे ५५,००० सांगितलेत, ते अजिबात देऊ नका. ही पैशांइतकीच कामाचीही गोष्ट आहे. असा पातळ पत्रा वेल्डिंगच्या उष्णतेने वाकतो, शिवणीच्या बाजूला मऊ पडतो, शेजारचे रिवेट सैल होतात, आणि जुना सीलंट जळून वेल्डमध्ये घाण येते. सैल रिवेट पुन्हा ठोकून घट्ट होतो: आतून एकाने डॉली, म्हणजे रिवेटला टेकवायचा जड लोखंडी ठोकळा, धरायची, बाहेरून दुसऱ्याने हातोडा. जास्त ठोकलं तर भोक मोठं होतं. भोक लांबट झालं असेल तर एक माप वर जाऊन भरीव ॲल्युमिनियमचा रिवेट घाला, सीलंट लावून. हार्डवेअरच्या दुकानातले साधे पॉप रिवेट स्वस्त पडतात, पण ते पोकळ असतात आणि गाभ्यातूनच गळतात. पाण्याखाली ते नकोत. शिवणींना पॉलियुरेथेन सीलंट लावा, एम-सीलचे गोळे चिकटवून भागत नाही. डांबर तर नकोच. एका पावसाळ्यापुरतं गळणं थांबतं, आणि पुढच्या वेळी कुठला रिवेट गळतोय हे कुणालाच दिसत नाही.

तुमच्या ४२,००० च्या यादीत दोन गोष्टी राहिल्यात. एक, रंगाच्या आधी लावायचा एचिंग किंवा इपॉक्सी प्रायमर. घासलेल्या ॲल्युमिनियमवर लगेच ऑक्साइडचा थर बसतो, त्यावर नुसता ऑइल पेंट टिकत नाही. आणि तांबं असलेला नावेचा रंग या धातूवर कधीच लावायचा नाही. दुसरी, प्लायसाठी इपॉक्सी. आयएस ७१० ची मरीन प्लाय तुम्ही बरोबर निवडलीत, पण बऱ्याच मरीन प्लायला तांब्याचे क्षार पाजलेले असतात आणि ते पत्र्याला खातात. चारही कडांसकट इपॉक्सीने बंद केल्याशिवाय ती बसवू नका. या दोन्हींसाठी मी ५,००० वाढवतो. २५,००० अधिक ४७,००० म्हणजे ७२,०००. मर्यादा ७६,००० होती. बसतं, पण अगदी काठोकाठ, म्हणून वल्ह्यांवर सुरुवात करा. मोटर पुढच्या वर्षी, तीही मुलीची फी भरून झाल्यावर.

सामान एकदम आणू नका. पहिल्या महिन्यात फक्त रिवेट आणि सीलंट. ते काम झालं की पुन्हा पाण्याची चाचणी, ती पास झाली की प्लाय, आणि रंग सगळ्यात शेवटी, कोरड्या हवेत. मध्येच काही भयंकर निघालं तर तिथे थांबता येईल आणि रंगाचे पैसे खिशातच असतील. कारखान्याच्या ऑफ सीझनला ओव्हरहॉलिंग असतं, तेव्हा तुम्हालाच सवड नसेल, हेही वेळापत्रकात धरा.

एफडी मोडू नका. नावेची किंमत द्यायला २५,००० एकदम लागतील, तेवढं त्याच ठेवीवर कर्ज घ्या. बँका सहसा ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त लावतात आणि ठेव चालूच राहते. पुढचं सामान महिन्याच्या ४,००० मधून. कमी पडेल तेवढंच पुन्हा ठेवीवर उचला. पण अशी एकूण उचल ४४,००० च्या वर जाऊ देऊ नका.

जाता जाता सौहार्दबद्दल. तुमची पतसंस्था चांगली चालत असेलही. पण पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. मुलीचे दीड लाख मुदत संपली की बँकेत आणा. नाव घ्या किंवा नका घेऊ, हे करा.

भागीदारीला माझी हरकत नाही, उलट डॉली धरायला दुसरा माणूस लागतोच. फक्त कोणी किती घातले, नाव कुणाच्या दारात राहील, एकाला बाहेर पडायचं झालं तर कुठल्या भावाने, हे स्टॅम्प पेपरवर लिहा आणि वहिनींची साक्षीदार म्हणून सही घ्या. शेजाऱ्याने निम्मे दिले तरी तुमची मर्यादा ७६,००० च राहते. वाचलेल्या पैशांची मोटर आणायची नाही.