घरातली रोपं: खताची बाटली नंतर, आधी उजेड बघा

यावेळी आलेले बहुतेक प्रश्न घरातच, म्हणजे खिडकीत नाहीतर लाइटखाली टोमॅटो, मिरची, बेसिल, लेट्युस वाढवायला घेतलेल्या नवीन मंडळींचे आहेत. आणि जवळपास प्रत्येक प्रश्नाचा शेवट एकच, "ताई, कुठलं खत देऊ?" खतावर येऊच, पण रोपाची भूक आणि तहान दोन्ही उजेडावर ठरते, उजेड कमी असेल तर ते पाणीही कमी ओढतं आणि खतही कमी खातं, मग आपण घातलेलं सगळं कुंडीतच साचून राहतं. त्यामुळे उत्तरं त्याच क्रमाने देतेय.

प्रश्न : टोमॅटोची रोपं वीतभर उंच झालीत पण देठ अगदी दोऱ्यासारखा, पानं बारकी, आणि सगळी एकाच बाजूला खिडकीकडे झुकलीत. नायट्रोजन कमी पडतोय का?

नाही हो, उजेड कमी पडतोय. नायट्रोजन द्याल तर देठ अजून लांबेल आणि अजून लेचापेचा होईल. आपले डोळे इथे आपल्याला फसवतात, कारण अंधुक उजेडाशी ते लगेच जुळवून घेतात. उजेड लक्समध्ये मोजतात, भर उन्हात साधारण एक लाख लक्स उजेड असतो आणि आपण जिला छान उजेडाची खोली म्हणतो तिथे कसाबसा ३०० ते ५०० लक्स, इतका फरक आहे. खिडकीच्या काचेला चिकटून ठेवलेल्या कुंडीला बऱ्यापैकी उजेड मिळतो, पण तीच कुंडी खोलीत दोन पावलं आत सरकवली की उजेड धाडकन उतरतो, आपल्याला मात्र काही कळत नाही.

ही रोपं टाकून देऊ नका. टोमॅटोच्या देठाला मातीत गाडलं की मुळं फुटतात, तेव्हा खोल कुंडीत बीजदलांच्या, म्हणजे उगवताना आलेल्या पहिल्या दोन पानांपर्यंत देठ पुरून लावा. मिरचीला एवढं खोल पुरू नका, ती टोमॅटोसारखी सहज मुळं सोडत नाही. नंतर वर लाइट लावा, रोज १४ ते १६ तास, टायमरवर, कारण हाताने चालू-बंद करणं चार दिवस जमतं आणि पाचव्या दिवशी विसरतो. काहीजण जोशात २४ तास चालू ठेवतात, तसं अजिबात करू नका, टोमॅटोची पानं सततच्या उजेडात पिवळी पडून खराब होतात, त्याला रोज काही तास अंधार लागतोच.

प्रश्न : "१००० वॅट" लिहिलेला जांभळा ग्रो लाइट घेतला. प्लगला मीटर लावून बघितलं तर ९० वॅटच ओढतोय. फसलो का? आणि हा रोपापासून किती उंचीवर टांगायचा?

खोक्यावरचा तो मोठा आकडा जुन्या प्रकारच्या दिव्याशी केलेली तुलना असते, त्यावर कधीच जाऊ नका, मीटर दाखवतो तेच खरे वॅट. ९० वॅट म्हणजे वाईट नाही, लहान जागेला पुरतात, फक्त आता तुम्हाला कळलं की १००० वॅटच्या अपेक्षेने सहा कुंड्या त्याखाली मांडायच्या नाहीत.

लाइट घेताना ल्युमेन बघू नका, तो आकडा माणसाच्या डोळ्यासाठी आहे. रोपासाठी पीपीएफडी बघायचा, म्हणजे पानाच्या उंचीवर दर सेकंदाला किती उजेड पडतो ते, मायक्रोमोलमध्ये. कोवळ्या रोपाला १०० ते ३०० पुरे. पण खरा हिशोब दिवसभराचा असतो, त्याला डीएलआय म्हणतात आणि तो काढणं अगदी सोपं आहे : पीपीएफडी गुणिले तास गुणिले ०.००३६. म्हणजे २५० पीपीएफडी १६ तास दिला तर १४.४ झाला. लेट्युस, बेसिलसारख्या पानांच्या रोपांना १२ ते १७ च्या दरम्यान छान चालतं, टोमॅटो-मिरचीला फळं धरायची असतील तर २० ते ३० लागतं, म्हणून तर त्याच लाइटखाली लेट्युस मस्त वाढतं आणि शेजारची मिरची नुसती पानं काढत बसते. पीपीएफडी मोजायचा मीटर नसेल आणि लाइट पांढरा एलईडी असेल तर मोबाईलच्या लक्स अ‍ॅपवर आलेल्या आकड्याला साधारण ७० ने भागा, ढोबळ अंदाज येतो. जांभळ्या लाइटला हा हिशोब लागू नाही.

जांभळ्या उजेडात रोप वाढतं, त्यात शंका नाही, पण त्या रंगात पान पिवळं पडलंय की हिरवं आहे तेच दिसत नाही, मावा दिसत नाही, करपा दिसत नाही. नवीन माणसाला तर पान वाचता आलंच पाहिजे, म्हणून मी पांढरा एलईडीच सुचवेन. तुमच्याकडे जांभळा आहेच तर रोज एकदा तो बंद करून साध्या उजेडात पानं खालून-वरून बघत जा.

उंचीचा एकच आकडा सांगता येत नाही, लाइटच्या ताकदीवर आहे. थोडा वर टांगून सुरुवात करा आणि शेंडा बघत रहा. दोन पानांच्या जोड्यांमधलं अंतर लांबत चाललं तर लाइट खाली आणा, सगळ्यात वरची पानं फिकट पांढरट पडायला लागली किंवा कडा वर वळायला लागल्या तर वर घ्या. हात धरून बघायची युक्ती सगळे सांगतात पण त्याने फक्त उष्णता कळते, उजेड नाही, आणि आजचे एलईडी गार राहूनही पान पांढरं करू शकतात.

प्रश्न : मी रोज सकाळी न चुकता एक ग्लास पाणी घालते तरी मिरचीची पानं मलूल, म्हणून संध्याकाळीपण घालायला लागले तर अजूनच लोंबायला लागली. काय चुकतंय?

ते "रोज" घालणं, हेच चुकतंय. पाणी घड्याळ बघून नाही, कुंडी बघून घालायचं. पाणी कमी पडलं तरी पान लोंबतं आणि जास्त झालं तरी लोंबतं, इथेच सगळे गोंधळतात, कारण मुळांना पाण्याइतकीच हवा लागते आणि मातीतल्या सगळ्या फटी पाण्याने भरल्या की मुळं गुदमरतात, गुदमरलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, मग भरल्या कुंडीत रोप तहानलेलं. शेतकरी वाफसा म्हणतात ना, ओल आहे पण चिखल नाही, माती हाताला गार लागते पण दाबली तर पाणी सुटत नाही, तीच स्थिती कुंडीत हवी.

ओळखायचं कसं? कुंडी उचलून. खरंच, याच्याइतकी भरवशाची दुसरी पद्धत नाही. पाणी घालून निथळल्यावर लगेच एकदा दोन्ही हातांनी उचला, ते वजन लक्षात ठेवा, आणि रोज नुसतं उचलून बघा. हलकी लागली की पाणी, जड असेल तर हात लावू नका. वरची माती बघून ठरवू नका, विशेषतः कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असेल तर, ते वरून भुरकट कोरडं दिसतं आणि बोटभर खाली गच्च ओलं असतं. आणि द्याल तेव्हा घोटभर नको, सगळी माती भिजून खालच्या भोकांतून थोडं बाहेर येईपर्यंत सावकाश द्या, ताटलीत साचलेलं लगेच ओतून टाका. सकाळी लाइट चालू झाल्यावर दिलेलं बरं, दिवसभरात रोप ते वापरतं.

तुमच्या मिरचीचं आत्ता काय करायचं तर पाणी पूर्ण थांबवा आणि कुंडी आडवी करून मातीचा गोळा हलकेच अर्धा बाहेर सरकवून बघा. मुळं पांढरी, कडक असतील तर काही बिघडलेलं नाही, माती वाळून जाऊ द्या, रोप सावरेल. तपकिरी झाली असतील, बोटात धरली की वरची साल निसटून आत नुसता धागा राहत असेल आणि कुबट वास येत असेल तर ती कुजलीत, तेवढी स्वच्छ कात्रीने कापून नव्या भुसभुशीत मातीत, लहान कुंडीत लावा. लहान कुंडीत मुद्दाम सांगतेय, मोठ्या कुंडीत मुळं इवलीशी आणि ओली माती ढीगभर असं होतं, ती वाळतच नाही. आणि कुंडीच्या तळाला खडे घालू नका, त्याने निचरा सुधारत नाही, उलट पाणी खड्यांच्या वरच्या मातीत अडकून बसतं आणि मुळांची जागा कमी होते.

मातीवर बारीक काळी चिलटं उडत असतील तर तेही जास्त पाण्याचंच लक्षण. वरचा थर नीट वाळू द्या आणि पिवळे चिकट सापळे लावा, औषध फवारायची घाई नको.

प्रश्न : नवीन माती, त्यात गांडूळखत मिसळलंय, वर दर आठवड्याला १९:१९:१९ (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) पाकिटावर लिहिलंय तेवढं देतो. आता पानांच्या कडा तपकिरी होऊन करपल्यात, टोकं वाळलीत. अजून कशाची कमतरता आहे?

कमतरता नाही, जास्त झालंय. विद्राव्य खत म्हणजे क्षारच, मातीत ते वाढले की मूळ पाणी ओढायला कमी पडतं आणि पानाची टोकं आधी जळतात. गांडूळखत घातलेल्या नव्या मातीत रोपाला पहिले काही आठवडे वरून काहीच द्यायची गरज नसते. आत्ता खत बंद, आणि साध्या पाण्याने कुंडी एकदा भरपूर धुऊन काढा, खालून खळखळून जाऊ द्या, मग पूर्ण निथळून हलकी होईपर्यंत थांबा. जळालेल्या कडा परत हिरव्या होणार नाहीत, नवीन पानं कशी येतात ते बघायचं. पुन्हा सुरू कराल तेव्हा पाकिटावरच्या मापाच्या अर्धं किंवा पाव, आणि कोरड्या मातीत कधीच नाही, माती ओलसर असतानाच.

खरी कमतरता कुठल्या पानावर दिसते त्यावरून ओळखायला शिका, फार उपयोगी आहे. नायट्रोजन आणि मॅग्नेशियम रोप जुन्या पानातून काढून नव्याला देऊ शकतं, म्हणून ती कमी पडली की खालची पानं आधी पिवळी होतात, नायट्रोजनमध्ये पूर्ण पान आणि मॅग्नेशियममध्ये शिरा हिरव्या राहून मधला भाग. लोह आणि कॅल्शियम असं हलवता येत नाही, त्यांचा त्रास शेंड्याच्या नव्या पानात दिसतो. पण खालचं एखादं म्हातारं पान पिवळं पडून गळलं तर धावपळ करू नका, ते जायचंच होतं.

दुसरं म्हणजे पीएच, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्कली आहे त्याचा आकडा. मातीत ६ ते ६.८ आणि नुसत्या कोकोपीटमध्ये ५.५ ते ६.२ च्या बाहेर गेला तर खत असूनही रोपाला घेता येत नाही, तेव्हा खताच्या तिसऱ्या बाटलीपेक्षा पीएच मीटरवर पैसे घालणं शहाणपणाचं. आरओचं पाणी वापरत असाल तर त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळपास नसतंच, कोकोपीटही ते धरून ठेवतं, अशावेळी कॅल-मॅग द्यावं लागतं. टोमॅटोचं बूड काळं पडतं तेही कॅल्शियम फळापर्यंत न पोचल्यामुळे, आणि बऱ्याचदा मातीत कॅल्शियम असतंच, पाणी एकदा कोरडं ठक्क एकदा पूर असं दिल्याने ते वर चढत नाही.

प्रश्न : टोमॅटोला फुलं भरपूर येतात आणि देठासकट गळून जातात.

घरात वारा नाही, माश्या नाहीत, पराग हलणार कसा? फुलं पूर्ण उमलली की दुपारच्या सुमाराला घोसाच्या देठाला बोटाने टिचकी मारा, किंवा इलेक्ट्रिक टूथब्रशची मागची बाजू दोन सेकंद टेकवा, दिवसाआड. त्याच फुलात परागण होतं, दुसरं झाड लागत नाही. लाइटखाली खूप गरम होत असेल तरी फुलगळ होते, थर्मामीटर शेंड्याच्या उंचीवर ठेवून बघा, ३२ अंशांच्या वर सतत जात असेल तर आधी हवा खेळती करा.

प्रश्न : रोपांवर पंखा लावला तर चालेल का?

चालेल, लावाच. पानं जेमतेम हलतील इतकाच, थेट झोत नको. देठ जाड होतो, पानांवर दमट हवा साचत नाही, बुरशी कमी येते. फक्त पंखा सुरू केल्यावर कुंडी आधीपेक्षा लवकर हलकी होईल, तेव्हा उचलून बघायचं विसरू नका.