फुगणारी शिवण आणि लाकडी क्लॅपर

कोटाच्या कॉलरची कड इस्त्री उचलली की पुन्हा फुगते म्हणताय. इस्त्री आणखी गरम करून ते थांबणार नाही, उलट कापड चकाकायला लागेल. लाकडी क्लॅपर घ्या, म्हणजे इस्त्रीनंतर शिवण दाबून बसवायचा लाकडी ठोकळा. आधी शिवण मिटलेली असतानाच दाबा, मग मार्जिन (शिवणीबाहेर उरलेलं कापड) दोन्हीकडे उलगडून भरपूर वाफ द्या. इस्त्री बाजूला केली की लगेच, वाफ निघतेय तोवरच, ठोकळा शिवणीवर ठेवून अंगाचा भार द्या. आपटायचं नाही, घासायचं तर नाहीच. 15-20 सेकंद पुरतात. लोकर जाड असेल तर जास्त. लाकूड ओलावा शोषतं आणि उष्णता खाली कोंडून धरतं, त्यामुळे धागे दबलेले असतानाच गार होतात. कापड हाताला गार लागेपर्यंत हलवू नका, बहुतेकांची घाई इथेच नडते.

ठोकळा कठीण लाकडाचा आणि बिनपॉलिशचा हवा. बीच, मेपल, काहीही चालेल. कडा तेवढ्या गुळगुळीत बघा. पॉलिश असेल तर ओलावा शोषला जात नाही, वर डागाची भीती. चीडचं (पाइनचं) लाकूड नको, त्यातली राळ गरम होऊन कापडाला लागू शकते. आणि मखमलीवर क्लॅपर अजिबात नको, लव चेपून जाते.