वळताना कटकट, ब्रेक मारताना थरथर: पुढचा एक्सल आणि ब्रेकच्या डिस्क घरीच बदलता येतील का?

तुम्ही लिहिलंय की गाडी १२ वर्षांची हॅचबॅक आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी काढली की पुढून कटकट आवाज येतो आणि ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरतं. गॅरेजवाल्याने "एक एक्सल आणि दोन्ही डिस्क" असं सांगितलं, आणि ते गॅरेज ५५ किलोमीटरवर आहे. घरी जमेल का, हा प्रश्न.

जमते. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीकडचा, शेती करतो, मेकॅनिक नाही. दोन वर्षांपूर्वी हे काम स्वतःच्या गाडीवर अंगणात केलं आणि गेल्या उन्हाळ्यात साळ्याच्या गाडीवर. पहिल्या वेळी एका बाजूला अख्खा दिवस गेला, साळ्याच्या गाडीला तीन तास. पण एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा: एक्सल बसवताना चुकलात तर गाडी जागची हलत नाही, ब्रेक बसवताना चुकलात तर थांबत नाही. घाम एक्सलला गाळा, पण डोकं ब्रेकसाठी शिल्लक ठेवा.

आमच्याकडे एक्सल म्हटलं की लोकांना ट्रॅक्टरचा नाहीतर बोलेरोचा मागचा एक्सल आठवतो. तुमच्या गाडीत पुढची चाकंच गाडी ओढतात, म्हणून गिअरबॉक्समधून डाव्या-उजव्या चाकाला एकेक दांडा जातो. दुकानात त्याला ड्राइव्ह शाफ्ट म्हणतात. बैलबंडीचा आस नुसता चाक पेलतो, हा दांडा चाक फिरवतो, आणि चाक वळलेलं असतानाही फिरवतो. त्यासाठी त्याच्या दोन्ही टोकांना सीव्ही जॉइंट, म्हणजे वाकलेले असतानाही फिरणारे सांधे असतात, त्यावर रबरी बूट आणि बुटात काळं ग्रीस. माझा बूट पांदण रस्त्यावर तुरीच्या धसकटाने फाटला. मला कळलंच नाही. दोन महिन्यांत ग्रीस बाहेर, माती आत, आणि कटकट सुरू.

सामान आणायच्या आधी खात्री करा. मोकळ्या जागेत स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरवा, मग दुसऱ्या बाजूला. उजवीकडे वळताना आवाज वाढत असेल तर बहुधा डाव्या चाकाकडचा जॉइंट गेलेला असतो, डावीकडे वळताना वाढला तर उजवीकडचा. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसले की शंका मिटली. आणि बूट फाटलाय पण आवाज नाही, अशी स्थिती असेल तर पूर्ण एक्सल घेऊच नका. जॉइंट धुवून नवा बूट आणि सीव्ही जॉइंटचंच ग्रीस भरलं की काम होतं. ट्रॅक्टरच्या डब्यातलं ग्रीस तिथे चालत नाही.

डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी लोखंडी तबकडी, ब्रेक दाबला की पॅड तिला दोन्हीकडून घट्ट धरतात. तिच्या कडेला किंवा मधल्या टोपीवर कमीत कमी जाडीचा आकडा मिलिमीटरमध्ये कोरलेला असतो. व्हर्नियरने मोजा, पण मोजताना बाहेरच्या काठाला उरलेली न झिजलेली किनार जबड्यात धरू नका. मी पहिल्यांदा तीच मोजली आणि डिस्क नवीसारखी आहे म्हणून खूश झालो होतो. डिस्क नेहमी जोडीने बदलायच्या आणि त्यासोबत पॅड नवेच घ्यायचे. एक्सल मात्र ज्या बाजूचा गेला तेवढाच.

आता खरेदी. डावा आणि उजवा एक्सल बहुतेक गाड्यांत वेगळ्या लांबीचा असतो, कारण गिअरबॉक्स एका बाजूला सरकलेला असतो. एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) काही गाड्यांत एक्सलवर दातेरी कडं असतं, काहींत नसतं. मी यवतमाळला जाऊन फक्त गाडीचं नाव आणि साल सांगून एक्सल आणला. घरी येऊन जुन्याशेजारी ठेवला तर नव्यावर कडंच नाही! दुसऱ्या दिवशी तो युरियाच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून पुन्हा एसटीने निघालो. कंडक्टरने पोतं उचलून पाहिलं आणि विचारलं, "काय हाय भौ यात, तोफ?" शेजारच्या आजोबांच्या पांढऱ्या धोतराला ग्रीस लागलं ते वेगळंच. म्हणून आरसीवरचा चेसिस नंबर सोबत न्या, आणि जमलं तर जुना एक्सल काढून तोच घेऊन जा. एक्सलचा नवा नट, गिअरबॉक्सकडची ऑइल सील, गिअर ऑइल आणि सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब एकाच फेरीत आणा.

जागा निवडताना काळ्या मातीवर विश्वास ठेवू नका. कोरडी असताना दगडासारखी वाटते, पण जॅकखाली खचते. फरशीचं अंगण किंवा सिमेंटचा गोठा बघा, नाहीतर जॅकखाली आणि स्टँडखाली जाड फळी टाका. गाडीसोबत येणारा जॅक फक्त चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. दोन स्टँड भाड्याने मिळतात. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक अजिबात नको, ते काही न सांगता फुटतात. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा आणि हँडब्रेक ओढा. मे महिना असेल तर उजाडायच्या आत सुरू करा. दहानंतर उन्हात पडलेला पाना हातात धरवत नाही.

माझी पहिली मोठी चूक इथेच झाली. मी गाडी उचलली, चाक काढलं, आणि मग एक्सलचा नट खोलायला बसलो. नट हलेना, उलट गाडीच स्टँडवर डुलायला लागली. शेजारचे ट्रॅक्टरवाले काका कुंपणावरून बघत होते. म्हणाले, "नट आंधी ढिला कर, मंग गाडी उचल! काय कुटत बसला बे सकाळपासून?" चाक पुन्हा लावलं, गाडी खाली घेतली.

तर नटाची पद्धत अशी. चाक जमिनीवर असतानाच मधली टोपी काढा. नटाचा काठ एक्सलच्या खाचेत ठोकून दाबलेला असेल तर छन्नीने तो सरळ करा. आदल्या रात्रीच गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा. गाडीनुसार ३० किंवा ३२ मिलिमीटरचा सॉकेट लागतो, आधी मोजून घ्या. घरातल्या कोणालातरी ब्रेक दाबून बसवा आणि पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवा. मी विहिरीच्या मोटरीचा जुना जीआय पाइप वापरला. नट पाव फेरा फिरला की थांबा. चाकाचे नटही आत्ताच सैल करून घ्या. नट सैल असताना गाडी ढकलू नका, बेअरिंग खराब होते.

आता गाडी उचला, स्टँडवर ठेवा, चाक काढा. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, सुटला की त्याला रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका, बाइंडिंग वायरने स्प्रिंगला बांधून ठेवा. मग त्याचा ब्रॅकेट काढा. डिस्क गंजून हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला, चिकटलेली असते. हातोड्याने बडवण्याआधी तिच्या तोंडावर दोन आटे पाडलेली भोकं दिसतात का बघा. बऱ्याच गाड्यांत ती असतात. त्यात ८ मिलिमीटरचे दोन बोल्ट घालून थोडा हा, थोडा तो असे आवळत गेलं की डिस्क आपोआप बाहेर येते. मला हे माहीत नव्हतं तेव्हा मी अर्धा तास ठोकत होतो.

पुढे खालच्या आर्मचा (हबला खालून धरणारा दांडा) बॉल जॉइंट सोडवायचा, आर्म टॉमीने, म्हणजे लोखंडी पहारीने, खाली दाबायचा आणि चाकाचा हब बाहेर ओढून एक्सलचं टोक मोकळं करायचं. अडकलं तर नट टोकाशी उलटा चढवून लाकडाच्या ठोकळ्यावरून ठोका, म्हणजे आटे शाबूत राहतात. एबीएसची वायर कुठे जाते ते आधी बघून ठेवा. गिअरबॉक्सच्या बाजूला घमेलं लावा, तिथून ऑइल येणारच. आधी ड्रेन करून घेतलेलं बरं. एक्सल गिअरबॉक्समधून काढताना दांडा धरून ओढू नका, आतला जॉइंट सुटून हातात येतो. गिअरबॉक्स आणि जॉइंट यांच्या फटीत टॉमी घालून एक झटका द्या. ऑइल सीलच्या ओठाला टॉमी लागू देऊ नका.

नवा घालताना सीलला थोडं गिअर ऑइल लावा आणि एक्सल सरळ रेषेत ढकला. टोकावरचा लॉक आत बसला की 'टक' असं जाणवतं. जाणवलं नाही तर पुन्हा काढा. बसलाय की नाही हे जॉइंटची वाटी हलकेच ओढून बघा.

नवी डिस्क गंजू नये म्हणून तेल लावून येते. ते तेल तसंच राहिलं तर पॅड वाया जातात, म्हणून साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करा किंवा ब्रेक क्लीनर मारा. हबच्या तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने अगदी चकचकीत होईपर्यंत काढा. गंजाचा एक पापुद्रा मध्ये राहिला तरी डिस्क वाकडी फिरते, आणि ज्या थरथरीसाठी हे सगळं केलं ती पुन्हा येते. कॅलिपरचा पिस्टन सी-क्लॅम्पने हळू आत ढकला. त्याआधी ब्रेक फ्लुइडच्या टाकीचं झाकण उघडून पातळी बघा, कारण फ्लुइड वर चढून सांडतं आणि रंग खातं. कॅलिपरच्या सरकत्या पिनांना सिलिकॉन ग्रीसच लावा, साध्या ग्रीसने तिथलं रबर फुगतं. पॅडच्या तोंडाला बोटही लावू नका. पिस्टन आत जातच नसेल, नळीला चिरा असतील किंवा कुठे फ्लुइड झिरपत असेल, तर तिथे थांबा आणि मेकॅनिकला घरी बोलवा. ब्रेकची लाइन उघडणं मी स्वतः अजून केलेलं नाही.

एक्सलचा नट किती आवळायचा हे मॅन्युअलमध्ये असतं. माझ्या गाडीला २०० न्यूटन-मीटर होतं, तुमच्या गाडीचा आकडा तुम्ही बघा. टॉर्क पाना माझ्याकडे नव्हता. कापूस वेचणीच्या वेळी गाठोडं मोजायचा हुकाचा काटा मात्र घरात होता. नटाच्या मध्यापासून बरोबर १ मीटरवर पाइपला खूण केली, तिथे काटा अडकवला आणि २० किलो दाखवेपर्यंत ओढला. १ मीटरवर २० किलो म्हणजे साधारण २०० न्यूटन-मीटर. पाइप उभा ठेवून आडवं ओढा, म्हणजे पाइपचं स्वतःचं वजन हिशोबात येत नाही. नट आधी हवेतच चांगला घट्ट करा, मग गाडी खाली उतरवून, जागची न हलवता, काट्याने शेवटचं आवळा. नंतर नटाचा काठ खाचेत ठोकायचा. चाकाचे नटही असेच मोजून आवळता येतात, फक्त समोरासमोरच्या क्रमाने. गिअर ऑइल भरायला विसरू नका.

आता माझी दुसरी चूक. संध्याकाळ झाली होती, सगळं बसलं होतं, आई चहा घेऊन आली होती. मी ऐटीत गाडी सुरू केली आणि रिव्हर्स टाकला. ब्रेकवर पाय ठेवला तर पेडल थेट तळाला! पिस्टन आत ढकललेले, पॅड डिस्कपासून लांब, आणि मी पेडल एकदाही पंप केलं नव्हतं. गाडी गोठ्यामागच्या कुटाराच्या (भुशाच्या) ढिगात डिकीपर्यंत घुसली. तिथे ढीग नसता तर बैल होते. म्हणून इंजिन सुरू करायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा, आठ-दहा वेळा तरी, आणि मग टाकीतली पातळी पुन्हा बघा.

पहिल्या दिवशी गर्दीच्या रस्त्याला जाऊ नका. मोकळ्या रस्त्यावर ५० च्या वेगावरून १५ पर्यंत हळू ब्रेक मारत आठ-दहा वेळा आणा. मध्ये गाडी थोडी चालू द्या, म्हणजे डिस्क थंड होतील, आणि गरम डिस्कवर पेडल दाबून उभे राहू नका. पन्नासेक किलोमीटर झाले की चाकाचे नट पुन्हा तपासा आणि गिअरबॉक्सखाली ऑइलचा थेंब दिसतो का, ते सकाळी फरशीवर बघा. माझ्या फरशीवर दुसऱ्या दिवशी डाग होता. सील फाटली असं समजून पोटात गोळा आला, पण ते घमेल्यातून सांडलेलं निघालं. पुसून कागद अंथरला, रात्रभरात कागद कोरडा राहिला.